टेम्प्लेटच्या हाती अख्खे मॉडेल द्यावे, की पानावर छापायचे तेवढेच?

कोरी_पाटी (धागाकर्ता)

नमस्कार. एका ग्रंथालयाची सूची जँगोमध्ये, म्हणजे पायथनच्या एका वेब चौकटीत, लिहीत आहे. पुस्तक, लेखक, प्रकाशक, प्रत, अभिप्राय, सभासद आणि देवघेव अशी सात मॉडेले (डेटाबेसमधल्या टेबलांचे पायथनमधले क्लास) आहेत. काम चालते आहे, पण व्ह्यूमधून (पानाची माहिती गोळा करणारा कोड) टेम्प्लेटकडे (पानाचा साचा) नेमके काय पाठवावे याबद्दलचा माझा गोंधळ वाढतच चालला आहे, म्हणून हा धागा काढत आहे.

सूचीच्या पानावर एका वेळी २५ पुस्तके दिसतात. प्रत्येक पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, शिल्लक प्रती आणि वाचकांनी दिलेल्या गुणांची सरासरी एवढेच तिथे दाखवायचे आहे. मी 'लिस्टव्ह्यू' हा याद्यांसाठीचा तयार व्ह्यू घेतला, त्याला मॉडेलचे नाव दिले आणि बाकीचे सारे टेम्प्लेटमध्ये टिंबे देत देत ('पुस्तक.प्रकाशक.नाव' असे) मिळवले. सरासरी व शिल्लक प्रतींसाठी मॉडेलवर दोन मेथड लिहिल्या. चार-पाच पुस्तके असताना पान झटकन उघडत होते; खरी सूची भरल्यावर ते रेंगाळू लागले. डीबग टूलबार (पानामागचे काम दाखवणारे साधन) लावून पाहिला, तेव्हा या एका पानासाठी डेटाबेसकडे १०४ क्वेरी (प्रश्न) जात असल्याचे दिसले.

दुसरे पान देवघेवीच्या तपशिलाचे आहे. तिथे पत्त्यातल्या क्रमांकावरून नोंद काढून ती जशीच्या तशी पाठवतो. शिवाय वरच्या पट्टीतले नाव जावास्क्रिप्ट भरते, म्हणून सभासदाची नोंद 'मॉडेल_टू_डिक्ट'मधून डिक्शनरी (नाव-मूल्यांच्या जोड्या) म्हणून काढून 'जेसन_स्क्रिप्ट' फिल्टरने जेसन स्वरूपात पानात ठेवली आहे.

एका सहकाऱ्याचे म्हणणे असे, की प्रत्येक पानासाठी वेगळा क्लास करून त्यात फक्त लागणारी माहिती भरावी. दुसऱ्याच्या मते जँगोत असे कोणी करत नाही. आपला अनुभव काय सांगतो?

अर्धविराम

तुमच्या १०४ क्वेरींचा हिशेब पाहता पाहता लागतो. पुस्तकांची एक, पाने मोजण्यासाठी एक, सेशनची एक आणि लॉगिन केलेल्या सभासदाची एक, अशा ४ झाल्या. उरलेल्या १०० म्हणजे २५ पुस्तकांमागे प्रत्येकी चार: लेखक, प्रकाशक, प्रती, सरासरी. पंचवीसपैकी दहा पुस्तके एकाच प्रकाशकाची असली तरीही त्या प्रकाशकाला दहा वेळा विचारले जाते, कारण प्रत्येक पुस्तकाची वस्तू स्वतंत्र असते आणि शेजारणीने आधी काय आणले आहे हे तिला ठाऊक नसते.

हे घडते ते क्वेरीसेट (जँगोमधली डेटाबेसकडची मागणी) आळशी असल्यामुळे. व्ह्यूमध्ये तुम्ही माहिती मागता असे वाटते, पण तिथे फक्त मागणीचा कागद तयार होतो. डेटाबेसकडे धाव घेतली जाते ती टेम्प्लेटमधले लूप फिरू लागल्यावर. त्या लूपमधले प्रत्येक टिंब दिसायला साधा गुणधर्म असते, पण ते रिलेशन (दुसऱ्या टेबलाशी असलेले नाते) ओलांडत असेल तर त्यामागे एक क्वेरी दडलेली असते. म्हणजे कोणती माहिती आणायची हा निर्णय तुमच्याकडे पानाची सजावट करणारी व्यक्ती घेत आहे, आणि तो आपण घेत आहोत हे तिला माहीतही नाही.

उपाय ओळखीचेच आहेत. प्रकाशक ही फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या एका नोंदीकडे बोट दाखवणारा कॉलम) आहे, म्हणून तिथे 'सिलेक्ट_रिलेटेड' वापरा. तो त्याच क्वेरीत टेबले जोडून (जॉइन करून) माहिती आणतो. लेखक एकाहून अधिक असू शकतात, म्हणून तिथे 'प्रीफेच_रिलेटेड' हवा. तो दुसरी एकच क्वेरी करून सगळे लेखक आणतो आणि कोणता लेखक कोणत्या पुस्तकाचा ते पायथनमध्ये जुळवतो. संख्या आणि सरासरी या दोन गोष्टींसाठी मात्र नोंदी आणण्याचे काहीच कारण नाही. पानावर प्रत छापली जात नाही, प्रतींची संख्या छापली जाते. ती 'ॲनोटेट' करून डेटाबेसकडूनच मोजून घ्या.

ठिपका

अर्धविराम यांच्याशी सहमत आहे, पण 'ॲनोटेट'मध्ये एक खड्डा आहे आणि मी त्यात पडलेलो असल्याने आधीच सांगून ठेवतो. एकाच क्वेरीत प्रती मोजल्या आणि अभिप्रायही मोजले, तर दोन्ही टेबले पुस्तकाला जोडली जातात आणि ओळींचा गुणाकार होतो. एका पुस्तकाच्या ३ प्रती आणि ४ अभिप्राय असतील, तर दोन्हींची संख्या १२ येते. पान वेगाने उघडते, एररही येत नाही, आणि आकडा चुकीचा असतो. संथ पानाची तक्रार लोक करतात. चुकीच्या आकड्यावर ते विश्वास ठेवतात.

मोजणीसाठी 'डिस्टिंक्ट' (एकसारखे मूल्य एकदाच धरा) लावले की उत्तर बरोबर येते. सरासरीची गंमत वेगळी आहे. प्रत्येक अभिप्राय सारख्याच पटीने वाढलेला असल्याने सरासरी मुळात बिघडतच नाही. उलट सावधगिरी म्हणून तिथेही 'डिस्टिंक्ट' लावले, तर ती बिघडते. ४, ४ आणि १ अशा तीन गुणांची खरी सरासरी ३ आहे; 'डिस्टिंक्ट' लावल्यावर ४ एकदाच धरला जातो आणि उत्तर २.५ येते. बेरीज हवी असेल तर दोन्ही वाटा बंद आहेत. म्हणून एकापेक्षा अधिक आकडे गोळा करायचे असतील, तर प्रत्येकासाठी 'सबक्वेरी' (क्वेरीच्या आतली स्वतंत्र क्वेरी) लिहिणे मला बरे वाटते. जँगो १.११ पासून ती सोय आहे. वाचायला ती थोडी जड जाते, पण एका आकड्यामुळे दुसरा बिघडत नाही.

रेघोटी

माझे बहुतेक काम मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेट या वेब चौकटीत झाले आहे, त्यामुळे मी तुमच्या पहिल्या सहकाऱ्याच्या बाजूने बोलेन. आमच्याकडे पानासाठी स्वतंत्र व्ह्यूमॉडेल (त्या पानाला लागणारीच माहिती धरणारा क्लास) करणे हा सर्वसाधारण शिरस्ता आहे. 'व्ह्यूबॅग' नावाची सैल पिशवीही उपलब्ध आहे आणि घाईच्या वेळी सगळेच तिच्यात काहीबाही टाकतात. पण सहा महिन्यांनी ती उघडल्यावर कोणती गोष्ट कोणी, कशासाठी टाकली होती हे सांगता येत नाही. ठरावीक टाइपच्या व्ह्यूमॉडेलचा मोठा लाभ असा, की पानाने क्लासमध्ये नसलेला गुणधर्म मागितला तर कंपायलरच अडवतो. जँगोचे टेम्प्लेट याच्या अगदी उलट वागते: नाव सापडले नाही तर ते गुपचूप रिकामी जागा छापते. अशा चौकटीत तर काय पाठवले आहे याची लेखी यादी अधिकच गरजेची ठरते, असे माझे मत आहे.

जुना_खिळा

रेघोटी यांचा मुद्दा त्यांच्या चौकटीत योग्य आहे, पण तो जसाच्या तसा इथे आणू नये असे मला वाटते.

थोडे मागे जाऊन पाहू. ट्रिग्वे रीन्सकॉग यांनी १९७९ मध्ये झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात मॉडेल, व्ह्यू आणि कंट्रोलर यांची मांडणी केली. त्यांच्या त्या टिपणात व्ह्यूचे वर्णनच असे आहे, की तो मॉडेलचे काही गुणधर्म ठळक करतो, काही दडपतो, आणि म्हणून तो एक प्रकारची गाळणी असतो. तो व्ह्यू मॉडेलला थेट प्रश्न विचारत असे आणि त्यात कोणाला काही गैर वाटत नव्हते, कारण मॉडेल त्याच यंत्राच्या स्मृतीत शेजारीच बसलेले होते. आज आपण 'मॉडेल' म्हणतो त्या वस्तूमागे जाळ्यापलीकडचा डेटाबेस असतो. प्रश्न विचारण्याची सवय तीच राहिली, प्रश्नाची किंमत तेवढी बदलली.

जँगोने या नावांची केलेली उलटापालट अनेकांना खटकते, पण तुमच्या प्रश्नाचे उत्तर तिच्यातच आहे. जँगोच्या दस्तऐवजात स्पष्ट म्हटले आहे, की व्ह्यू म्हणजे कोणती माहिती दिसते. ती कशी दिसते हे टेम्प्लेट पाहते. तेव्हा ती गाळणी व्ह्यूमध्येच असली पाहिजे, आणि तिच्यासाठी वेगळा क्लास लिहावाच लागतो असे नाही. नीट लिहिलेला क्वेरीसेट हीच गाळणी असते: कोणत्या ओळी हव्यात ते 'फिल्टर' सांगतो, सोबत कोणती रिलेशन हवी ते 'सिलेक्ट_रिलेटेड' सांगतो, कोणते आकडे हवेत ते 'ॲनोटेट' सांगतो. सात मॉडेलांच्या सूचीसाठी आणखी सात-आठ क्लास लिहिले, तर पुस्तकात एक रकाना वाढवताना तीन फाइली उघडाव्या लागतील आणि चौथ्या महिन्यात तुम्हीच त्या क्लासांना वळसा घालू लागाल.

मी वेगळा क्लास लिहितो तो दोनच प्रसंगी. पान एका मॉडेलचे नसून चार ठिकाणची माहिती जुळवून बनत असेल, जसा ग्रंथपालाचा डॅशबोर्ड, तेव्हा. आणि तीच माहिती पानावर, ईमेलमध्ये आणि जेसनमध्येही जात असेल, तेव्हा.

कुलूपबंद

सगळी चर्चा वेगाविषयी चालली आहे आणि धागाकर्त्यांच्या तिसऱ्या परिच्छेदाकडे कोणी वळले नाही, म्हणून थोडे कडक शब्दांत लिहितो. सूचीचे पान उद्या दुरुस्त केले तरी चालेल. देवघेवीचे पान आज दुरुस्त करा.

पत्त्यातल्या क्रमांकावरून नोंद काढता म्हणजे 'गेट_ऑब्जेक्ट_ऑर_४०४'ला पूर्ण मॉडेल देता, असे गृहीत धरतो. मग पत्त्यातला ८१२ बदलून ८१३ लिहिणाऱ्या सभासदाला दुसऱ्याने कोणती पुस्तके नेली हे दिसेल. लॉगिन आवश्यक केले आहे, हे याचे उत्तर होत नाही, कारण लॉगिन फक्त तुम्ही कोण ते सांगते, ही नोंद तुमची आहे का ते सांगत नाही. ओवॅस्प या वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या एपीआय सुरक्षा-दोषांच्या यादीत हाच दोष २०१९ मध्ये पहिल्या क्रमांकावर होता आणि २०२३ मध्येही पहिल्याच क्रमांकावर राहिला.

यावर टेम्प्लेटमध्ये 'इफ' लावू नका. व्ह्यूच्या 'गेट_क्वेरीसेट'मध्ये आधी लॉगिन केलेल्या सभासदाच्या नोंदी वेगळ्या काढा आणि क्रमांक त्या संचातच शोधा. परकी नोंद त्या संचात नसल्यामुळे आपोआप ४०४ ('सापडले नाही') मिळेल, आणि ४०३ ('परवानगी नाही') न दिल्यामुळे त्या क्रमांकाची नोंद अस्तित्वात आहे हेही उघड होणार नाही. टेम्प्लेटकडे काय पाठवावे हे ठरवताना कोणत्या ओळी हा प्रश्न कोणते कॉलम याच्या आधी येतो.

आता एक विचारतो: तुमचे सभासद हे मॉडेल जँगोच्या 'ॲबस्ट्रॅक्टयूजर' या तयार वापरकर्ता-मॉडेलवरून घेतलेले आहे का?

कोरी_पाटी

होय, तसेच आहे. का बरे?

कुलूपबंद

मग ब्राउझरमध्ये पानाचा स्रोत उघडून पाहा. 'मॉडेल_टू_डिक्ट'ला फील्डची यादी दिली नाही, तर ते संपादन करता येणारी सगळी फील्ड उचलते, आणि पासवर्डचे फील्ड त्यात मोडते. प्रत्यक्ष पासवर्ड नसेल, त्याचा हॅश (त्यापासून काढलेले एकमार्गी रूप) असेल. पण तोही पानात असण्याचे काही कारण नाही. ईमेल आणि सभासद कर्मचारी आहे की नाही ही खूणही सोबत गेली असेल.

'जेसन_स्क्रिप्ट' हा फिल्टर जँगो २.१ मध्ये आला आणि चांगला आहे; पण माहितीतून कोणी स्क्रिप्ट घुसवू नये एवढीच त्याची हमी आहे. पानात गेलेली माहिती त्याने गुप्त राहत नाही. डोळ्यांना न दिसणे आणि ब्राउझरपर्यंत न पोहोचणे या दोन गोष्टी पुष्कळ लोक एक समजतात. ओवॅस्पने २०१९ च्या यादीत गरजेपेक्षा जास्त माहिती उघडी करण्याला स्वतंत्र तिसरा क्रमांक दिला होता. २०२३ मध्ये तो दोष गुणधर्मांच्या पातळीवरील परवानगीच्या दोषात सामावून घेतला. तुम्हाला नाव हवे आहे, तर नाव पाठवा.

कोरी_पाटी

पाहिले. हॅश होता. पाहून घाम फुटला. आता फक्त नाव जाते, आणि देवघेवीची नोंदही सभासदाच्याच संचातून शोधतो. कुलूपबंद, मनापासून आभार.

सूचीचे पानही दुरुस्त केले: प्रकाशक जॉइनने, लेखक प्रीफेचने, आणि दोन्ही आकडे ठिपका यांनी सांगितल्याप्रमाणे सबक्वेरीने. १०४ च्या ५ क्वेरी झाल्या. मग उत्साहाच्या भरात 'ओन्ली' लावून पुस्तकाचे फक्त नाव आणि प्रकाशकाची की मागवली, कारण सारांशाचा कॉलम फार मोठा आहे आणि सूचीत तो छापायचा नाही. क्वेरी ५ वरून ३० झाल्या! कमी माहिती मागितल्यावर क्वेरी वाढाव्यात, हे काही समजले नाही.

अर्धविराम

तुमच्या टेम्प्लेटमध्ये पुस्तकाच्या पानाचा दुवा 'गेट_ॲब्सोल्यूट_यूआरएल'ने तयार होत असणार आणि ती मेथड स्लग (पत्त्यात वापरायचे नावाचे रूप) वापरत असणार. 'ओन्ली'ने स्लग वगळला. वगळलेल्या फील्डला हात लागला की जँगो तक्रार न करता त्या एका नोंदीसाठी पुन्हा डेटाबेसकडे जातो. २५ पुस्तकांसाठी २५ वेळा गेला. 'ओन्ली'च्या यादीत स्लग घाला, किंवा यादी उलटी करून 'डिफर'ने फक्त सारांश वगळा. एकच जड कॉलम टाळायचा असताना मी दुसरा मार्ग घेतो, कारण पुढे टेम्प्लेटमध्ये कोणी नवे फील्ड वापरले तरी तो मोडत नाही.

'व्हॅल्यूज' हा तिसरा मार्ग कोणी सुचवील, म्हणून त्याविषयीही लिहितो. त्यातून मॉडेलच्या वस्तूंऐवजी डिक्शनरी मिळतात, त्यामुळे टिंबामागे क्वेरी दडण्याचा प्रश्नच मिटतो. पण मॉडेलवरच्या मेथडही जातात. दुव्याची मेथड मिळत नाही, पर्यायांची वाचनीय नावे देणारी 'गेट_फलाणे_डिस्प्ले' मिळत नाही, आणि टेम्प्लेटने ती मागितली तर रेघोटी म्हणाले तशी नुसती रिकामी जागा दिसते. निर्यातीच्या फाइलसाठी किंवा आलेखासाठी 'व्हॅल्यूज' उत्तम आहे. दुवे असलेल्या पानासाठी मी तो टाळतो.

रुळावरचा

मी रेल्स आणि थोडे स्प्रिंग (रूबी आणि जावाच्या वेब चौकटी) करतो. आमच्याकडेही हेच दुखणे आहे, औषधांची नावे तेवढी वेगळी. रेल्स ६.१ मध्ये 'स्ट्रिक्ट लोडिंग' आले: ते लावले की आधी न आणलेल्या रिलेशनला हात लावताच एरर येतो. पीएचपीच्या लॅरव्हेलमध्येही आळशी लोडिंगला मनाई करण्याची सोय आहे. स्प्रिंग बूटमध्ये मात्र पान तयार होईपर्यंत डेटाबेसचे सेशन उघडे ठेवण्याची खूण मुळातच चालू असते. ॲप सुरू होताना त्याबद्दल लॉगमध्ये एक इशारा येतो आणि तो बहुतेक जण वर्षानुवर्षे वाचून सोडून देतात. ती खूण बंद केली की हायबरनेट (डेटाबेसशी बोलणारी जावा लायब्ररी) लगेच तक्रारी करू लागते. त्या तक्रारी म्हणजे व्ह्यूने न मागितलेल्या, पण पान वापरत असलेल्या माहितीची आयती यादीच असते. मी एका जुन्या प्रकल्पात ती बंद करून दोन दिवस फक्त एरर वाचत बसलो होतो, आणि ते दोन दिवस वाया गेले असे मला वाटत नाही.

ठिपका

जँगोत त्याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे टेस्टमधले 'असर्ट_नम_क्वेरीज'. सूचीच्या पानाला ५ क्वेरी हव्यात असे लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी कोणी टेम्प्लेटमध्ये एक टिंब वाढवले की टेस्ट पडेल. फक्त टेस्टमध्ये एकच पुस्तक घेऊन मोजू नका. एका पुस्तकापाशी लूपमधली लेखकांची एक क्वेरी आणि प्रीफेचची एक क्वेरी यांतला फरक दिसत नाही. आधी दोन पुस्तके घ्या, मग वीस घ्या, आणि संख्या तीच राहते का ते पाहा.

प्रीफेचबद्दलही एक राहिले होते. प्रीफेच केलेल्या लेखकांवर पुन्हा 'फिल्टर' लावला की आणलेले सगळे बाजूला पडते आणि नवी क्वेरी जाते. ठरावीकच लेखक हवे असतील, तर ती अट 'प्रीफेच' ऑब्जेक्टच्या आत घाला आणि 'टू_ॲट्र'ने त्याला वेगळे नाव द्या.

जुना_खिळा

विषयाला थोडे सोडून, पण टेम्प्लेटला अख्खी वस्तू देण्याशी संबंधित असलेली एक गोष्ट सांगतो. जँगोचे टेम्प्लेट आर्ग्युमेंट न लागणाऱ्या मेथड स्वतःहून चालवते. पुस्तक टिंब डिलीट असे कोणी लिहिले तर काय होईल? काही होत नाही, कारण 'डिलीट' आणि 'सेव्ह' या मेथडवर 'आल्टर्स_डेटा' अशी खूण केलेली असते आणि टेम्प्लेट तिला मान देते. परंतु तुम्ही स्वतः लिहिलेल्या 'परत_घे' किंवा 'दंड_माफ_कर' यांसारख्या मेथडवर ती खूण तुम्हालाच करावी लागते.

कोरी_पाटी

ही खूण दोन मेथडवर आत्ताच घातली. टेस्टही लिहिली आहे.

आता एकच अडले आहे. ज्या पुस्तकाला एकही अभिप्राय नाही त्याच्या सरासरीच्या जागी पानावर 'नन' (पायथनमधले 'मूल्य नाही') असा शब्द छापला जातो. 'कोअलेस'ने शून्य करून टाकू का? शिवाय सरासरीनुसार उतरत्या क्रमाने लावल्यावर माझ्या संगणकावर, एसक्यूलाइट या डेटाबेसवर, अशी पुस्तके शेवटी जातात आणि सर्व्हरवर, पोस्टग्रेस या डेटाबेसवर, सर्वांत वर येतात.

अर्धविराम

शून्य करू नका. शून्य गुण मिळालेले पुस्तक आणि कोणीच गुण न दिलेले पुस्तक यांत फरक आहे, आणि तो फरक पानावर दिसायला हवा. सरासरी 'नन' आहे तशीच पाठवा आणि टेम्प्लेटमध्ये 'डिफॉल्ट_इफ_नन' फिल्टरने 'अद्याप अभिप्राय नाही' असे छापा. नुसता 'डिफॉल्ट' वापरलात तर खऱ्या शून्यालाही तेच वाक्य मिळेल.

क्रमाचे म्हणाल, तर पोस्टग्रेस नलला (डेटाबेसमधल्या 'नन'ला) सर्वांत मोठा मानतो आणि एसक्यूलाइट सर्वांत लहान. दोघेही आपापल्या नियमाने बरोबर आहेत. 'ऑर्डर_बाय'मध्ये सरासरीचे नाव 'एफ'मध्ये गुंडाळून त्यावर 'डेस्क' लावा आणि त्याला 'नल्स_लास्ट' खरे द्या. त्याच्यामागे दुसरा निकष म्हणून प्रायमरी की (प्रत्येक नोंदीचा एकमेव क्रमांक) लावायला विसरू नका, नाहीतर सारख्या सरासरीची पुस्तके पहिल्या पानावरही दिसू शकतील आणि दुसऱ्यावरही.

कोरी_पाटी

लावले. दोन्हीकडे क्रम एकच येतो आहे, आणि क्वेरी ५ च आहेत.